धुक्याला आकडे येत नाहीत

मी थापा मारतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तीसेक वर्षं मास्तरकी केली, पण एखादी गोष्ट जेवढी घडली तेवढीच सांगितली, असं एकदाही झालेलं मला आठवत नाही. आमची मंडळी म्हणतात, "भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगायचं असलं तरी तुम्ही समुद्रापासून सुरुवात करता." त्यात खोटं काही नाही.

संपादकांनी कळवलं की नोकरीतले अनुभव लिहा, पण खरे लिहा. मोठी पंचाईत झाली. शेवटी एक तोड काढली. या लेखात जिथं तुम्हाला हसू येईल, तिथं मी थोडं फुगवलंय असं खुशाल समजा. जिथं हसू येणार नाही, तिथं पदरचा एक शब्दसुद्धा घातलेला नाही.

कागदोपत्री माझे विषय मराठी आणि इतिहास. माझा खरा विषय वेळापत्रकात कधी आलाच नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी पाऊण तास मी स्वतःच्या अधिकारात लाटायचो, त्याला पोरं 'तयारीचा तास' म्हणायची. बिबट्या आडवा आला तर काय, दरड सरकायला लागली तर कुठल्या बाजूला पळायचं, साप चावला तर कुणी काय करायचं, रानात वाट चुकली तर काय, असला सगळा अभ्यासक्रम. या विषयाची एक गंमत आहे. गणितात पोरगं पास झालं की पेढे वाटतात. इथं पोरगं पास झालं तर काहीच होत नाही. ते रोजच्यासारखं घरी जातं, भाकरी खातं आणि झोपतं. काही न घडणं हाच माझा निकाल, आणि असला निकाल काही फळ्यावर लावता येत नाही.

बोरी बुद्रुकला असताना हा तास सोपा होता. चहूकडं ऊस आणि उसात बिबटे. बोलत चाला, मोबाईलवर गाणी लावा, लहानग्याला मध्ये घ्या, उसाच्या कडेला वाकून बसू नका. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, शेळी वाटतं. पोरं एवढ्या मोठ्यानं गाणी म्हणत शाळेत यायची की बिबटे उसात कानांवर पंजे ठेवून बसायचे. एकदा मी हाच धडा शिकवत होतो, तर खिडकीपलीकडं खुद्द एक बिबट्या ऐकत बसलेला. तास संपेपर्यंत जागचा हलला नाही. शिपाई म्हणतो, ते पाटलांचं पिवळं कुत्रं होतं. असेल. पण वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा त्याचं लक्ष जास्त होतं.

मग बदली झाली तळेघरच्या वरच्या अंगाला.

तिकडचा पाऊस काय सांगू! माझ्या एका सदऱ्यावर शेवाळ आलं आणि शेवाळावर बारकं फूल आलं. पण पावसाचं एक बरं असतं, तो येतो तेव्हा सांगून येतो. धुकं सांगत नाही. भीमाशंकरच्या बाजूनं ते येतं आणि बघता बघता भातखाचरं, गवती झोपड्यांची झापं, शाळा, झेंड्याचा खांब सगळं पुसून टाकतं. मी एकदा हात लांब केला तर मनगटापुढचं दिसेना. हात मागं घेतला आणि बोटं मोजून घेतली.

शाळेत आम्ही दोनच मास्तर. एक मी आणि दुसरे शेख सर. मूळचे जुन्नरचे, विज्ञान आणि गणित शिकवायचे, आणि खोटं बोलण्याची त्यांना मुळीच सवय नव्हती. आमची जोडी कशी जमली, देवालाच माहीत. वरच्या वर्गांची मिळून बत्तीस पोरं. एसटी यायची तेव्हा यायची. वस्त्या विखुरलेल्या, म्हणून सगळी पोरं चालत, डोंगराच्या धारेवरून. धारेच्या एका अंगाला उतार आणि दुसऱ्या अंगाला कडा.

मी तिथं गेलो त्याच्या आदल्याच पावसाळ्यात एक गुराखी त्या कड्यावरून गेला होता. धुक्यात भावानं हाक मारली आणि हा हाकेच्या रोखानं निघाला. भाऊ होता उताराच्या बाजूला. पण धुक्यात आवाज कड्यावर आपटून भलतीकडून येतो, आणि कानाला ते कळत नाही. शेख सरांनी फळ्यावर बाणबिण काढून हे सगळं समजावलं. पोरांनी जांभया दिल्या. "सर, आमाला वाट ठावी हाय. आमी डोळं मिटून जातू."

हरवलेलं माणूस हरवल्यामुळं मरत नाही, चालत राहिल्यामुळं मरतं. म्हणून माझा नियम साधा होता. वाट चुकली की थांबायचं, दप्तरातल्या दोरीनं स्वतःला झाडाला बांधून घ्यायचं, दप्तरातलाच प्लास्टिकचा कागद डोक्यावर ओढायचा, थोडा थोडा गूळ-शेंगदाणे खायचे आणि बसून राहायचं. पण डोंगरातल्या पोरांना बसवणं म्हणजे ओढ्याला बसवणं. शेवटी एका शनिवारी मी माझं ठेवणीतलं हत्यार बाहेर काढलं.

"धुक्यात कोण राहतं, माहीतंय?"

"वाघरू!" मागच्या बाकावरून.

"वाघराला धुक्यात स्वतःची शेपटी दिसत नाही. तिथं राहतो हाक्या."

वर्ग गप्प. पाऊससुद्धा थांबल्यासारखा वाटला, पण ते सोडा.

"हाक्याला तोंड नसतं," मी आवाज खाली आणला. "म्हणून तो दुसऱ्याचं तोंड उसनं घेतो. तुमच्या आईचं, बापाचं, भावाचं. दिवसभर गावात नावानं हाका चालतात, त्या तो ऐकून ठेवतो. आणि धुकं पडलं की तुमच्या आईच्या आवाजात, तुमच्या नावानं, कड्याच्या बाजूनं हाक मारतो. तुम्ही ओ दिलीत की त्याला कळतं तुम्ही कुठं आहात."

खिडकीजवळ अश्विनी बसायची. सहावीची, सतरावा नंबर, घरचे आशी म्हणायचे. ही पोरगी गोष्ट ऐकताना तोंड उघडं टाकत नसे, कपाळाला आठी घालत असे. तिनं हात वर केला.

"सर, मंग त्याला काय येत न्हाई?"

मी अडकलो. आयुष्यात पहिल्यांदा थाप मारताना अडकलो. फळ्यावर सकाळच्या शिरगणतीचे आकडे होते, त्यांच्याकडं नजर गेली.

"आकडे," मी म्हणालो. "हाक्याला आकडे येत नाहीत. शाळेत गेलेला नाही ना तो! म्हणून धुक्यात नावाला ओ द्यायची नाही. एकपासून ओळीनं, न चुकता कुणी आकडे म्हणत आलं तरच आपला नंबर आला की बोलायचं."

सगळा वर्ग खो खो हसला. शाळेत न गेलेलं भूत! आशी तेवढी हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

शेख सर दारात उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, "सर, एक विचारू का? उद्या एखाद्याची आई खरंच हाका मारत आली तर?"

"येईल तेव्हा बघू की."

"तयारीचा तास तुम्ही घेता," ते म्हणाले, "आणि तुम्हीच म्हणता, येईल तेव्हा बघू?"

मी हसण्यावारी नेलं. जाता जाता दुसरी चूकही सांगून टाकतो. कुणा भल्या माणसानं शाळेला बत्तीस शिट्ट्या दिल्या होत्या, पोरांच्या गळ्यात बांधायला. पोरांनी पहिल्याच दिवशी एवढं शिट्टीवादन केलं की मी त्या गोळा केल्या, डेडस्टॉकच्या वहीत चढवल्या आणि कपाटात कुलूपबंद केल्या. डेडस्टॉक म्हणजे शाळेचं सामानसुमान. हरवलं तर मास्तरच्या गळ्याशी येतं, म्हणून ते वापरण्यापेक्षा जपायचं असतं. शिट्ट्या फार छान जपल्या आम्ही.

आता तो दिवस.

श्रावणातला शनिवार. साडेअकराला शाळा सुटली. आशी तिच्या वस्तीवरच्या दोन मुलींबरोबर निघाली. धारेवर तिच्या चपलेचा पट्टा निघाला म्हणून ती खाली बसली. मुली चार पावलं पुढं गेल्या, आणि तेवढ्यात धुकं आलं. मुलींना वाटलं ही मागनं येतेय. हिला वाटलं त्या थांबल्यात. घरी पोचल्यावर कळलं की आशी नाही.

दुपारी दोनच्या सुमारास तिची आई ठकूबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. भाताची आवणी टाकून तशीच आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"गुरुजी, आशी हितं थांबली का?"

नव्हती थांबली. मी आणि शेख सर तसेच निघालो. तोवर वस्तीवरची दहा-पंधरा माणसं धारेवर पोचली होती. दोघा-तिघांचे गट करून, घोंगड्या पांघरून, सगळे ओरडत होते.

"आशेऽऽ! एऽऽ आशेऽऽ!"

धुक्यातून नुसता 'शेऽऽ शेऽऽ' परत यायचा, कधी समोरून, कधी पाठीमागून. शेजारचं माणूस दोन पावलं पुढं गेलं की त्याचा खोकला तेवढा उरायचा. एकदा मी एकाशी बराच वेळ बोलत चाललो होतो, आणि मग कळलं की बाजूला कुणीच नाही.

ठकूबाई सगळ्यांच्या पुढं. बाईचा आवाज असा की एरवी खाचरातून हाक मारली तर पलीकडच्या डोंगरावरची गुरं वळायची. तीन तास तिनं हाका मारल्या. आवाज फाटला, घशातून नुसती खरखर यायला लागली, तरी थांबेना. एका मोठ्या खडकावर उभी राहून तिनं किती हाका मारल्या असतील, गणती नाही. मग ती पुढं गेली.

पाच वाजले. पाऊस वाढला. सगळ्यांच्या मनात एकच. अंधार पडला की शोध थांबणार, आणि त्या गारठ्यात भिजलेलं पोर सकाळपर्यंत टिकत नाही. कड्याच्या खाली बघायला कुणी तयार नव्हतं. तिकडं बघणं म्हणजे ठरवून टाकणं.

शेख सर माझ्याजवळ आले. चष्म्यावर पाणी, तो काढून हातात धरलेला.

"सर, आपण सगळी धार दोनदा पालथी घातली. ती कड्यावरून गेली नसेल, तर हाकेच्या टप्प्यात आहे. मग ऐकू येत असून ओ का देत नाही?"

एवढंच म्हणाले. मला मात्र उत्तर तिथंच कळलं. ती ऐकत होती. ऐकून गप्प बसत होती. मी सांगितलं होतं तसं, वहीत लिहून घेतलं होतं तसं.

मी ओरडलो, "थांबा! हाका बंद करा! कुणी तिचं नाव घेऊ नका!"

माणसं जवळ आली. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच एखादी गोष्ट मी होती तेवढी सांगितली. हाक्या, उसनं तोंड, नावाला ओ द्यायची नाही, सगळं. कुणी हसलं नाही. त्या डोंगरात, त्या धुक्यात, मलाही ती थाप वाटेना.

ठकूबाई पुढं आली. तिच्या घशातून आवाज निघत नव्हता, म्हणून अगदी तोंडाजवळ येऊन बोलली.

"म्हंजी गुरुजी, मी तीन तास हाका मारत्ये, आन् माझी लेक मला भूत समजत्ये?"

मी मान खाली घातली.

"लई शिकावलंत," ती म्हणाली. "आता शिकावल्यालं काढा भाईर."

मी सगळ्यांना जागच्या जागी बसवलं. मग चालायला लागलो, एकटा, एकेक आकडा म्हणत. "एऽक. दोऽन. तीऽन." सोळापर्यंत जायचं, थांबायचं, ऐकायचं. काही नाही. पन्नास पावलं पुढं. पुन्हा एकपासून. काही नाही. वर्गात हजारदा म्हटलेले आकडे, पण तिथं ते भलतेच वाटत होते. प्रत्येक आकड्यानंतर धुकं जरा जवळ सरकून ऐकतंय असं वाटायचं.

चौथ्या की पाचव्या खेपेला मी त्या मोठ्या खडकापाशी आलो, जिथं ठकूबाई उभी राहिली होती. चढानं छाती भरून आलेली. "दहा... अकरा... बारा..." आणि मला ठसका लागला. थांबलो. श्वास घेतला. "बारा," पुन्हा म्हणालो, आणि मग, "तेरा. चौदा. पंधरा. सोळा."

मी कान दिला.

आणि माझ्या पायाखालून, अगदी खालून, खडकातून आल्यासारखा बारीक आवाज आला.

"सतरा."

खडकाच्या पोटाला कपार होती. आशी तिथं बसलेली. दोरीनं कंबर करवंदीच्या खोडाला बांधलेली, प्लास्टिकचा कागद डोक्यावरून ओढून पायाखाली दाबलेला, दप्तर मांडीवर. गुळाचा एक खडा शिल्लक ठेवलेला. ओठ निळे पडलेले, पण शुद्धीवर. तिच्यापासून कड्याची धार किती लांब होती, ते मी मोजलं. नऊ पावलं.

म्हणजे माझ्या शिकवण्यानं तिला जगवलं होतं, आणि माझ्याच शिकवण्यानं तिला तीन तास आईच्या पायाखाली लपवून ठेवलं होतं. यातलं कुठलं आधी सांगावं, ते मला अजून कळलेलं नाही.

ठकूबाईनं तिला ओढून पोटाशी धरलं, पदरानं पाय चोळले. फाटक्या आवाजात म्हणाली, "आशे."

आणि आईच्या कुशीत असलेल्या त्या पोरीनं आईकडं बघितलंच नाही. आधी माझ्याकडं बघितलं. ओ देऊ का, असं विचारत.

त्यानंतरही पुष्कळ वर्षं नोकरी केली. सत्कारबित्कार झाले, शाली मिळाल्या. पण माझा निकाल कुणी विचारला तर मला ती नजर दिसते.

पुढचंही सांगतो. उतरताना आशीनं माझं बोट धरलं होतं. पुढं तिची आई, मागं शेख सर. मध्येच ती म्हणाली, "सर, बाराला तुमी थांबलात ना, तवा मी तोंड गच्च दाबून धरलं व्हतं."

"का गं?"

"मला वाटलं परत त्योच आला."

"कोण?"

"दुपारी आलता त्यो. तुमच्याच आवाजात. एक, दोन, तीन करत. पन् बाराला अडाकला. बारा, बारा, बारा, असा म्हनत ऱ्हायला. मंग परत एकपासून. चार टायम आला. कड्याच्या बाजूनं."

मी थांबलो. दुपारी मी शाळेत होतो. दीड-दोनपर्यंत शेख सर आणि मी समोरासमोर बसून वह्या तपासत होतो. त्यानंतर शोधात मी तिचं नावच ओरडत होतो, आकडा एकही नाही.

मागं वळून शेख सरांकडं बघितलं. म्हटलं, हा माणूस काहीतरी शास्त्रीय सांगेल. सकाळच्या शिरगणतीचा प्रतिध्वनी वगैरे. पण प्रतिध्वनी काही दुपारपर्यंत डोंगरात भटकत नाही, हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. पुढं होऊन त्यांनी पोरीच्या दुसऱ्या हाताचं बोट धरलं. सोमवारी शाळेत गेलो तर त्यांनी कपाट उघडून बत्तीसच्या बत्तीस शिट्ट्या वाटून टाकल्या होत्या, आणि डेडस्टॉकच्या वहीत शेरा मारला होता : 'वापरात'.

मीही नियम बदलला. आईनं हाक मारली की ओ द्यायची. बसल्या जागेवरून, शिट्टी वाजवून, पण द्यायचीच. पोरांनी विचारलं, "आन् हाक्या?" म्हटलं, "मेला." "कशानं?" "सर्दीनं." वर्ग हसला. आशी हसली नाही. तो मी रचलेला होता, एवढं साधं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. थापाड्याला कबुली देणं लई जड जातं, राव.

नोकरीची शेवटची वर्षं खोडदला गेली. तिथं शेतांच्या मधोमध रेडिओ दुर्बिणीच्या त्या थोरल्या तबकड्या आकाशाकडं तोंड करून उभ्या असतात, लांबच्या ताऱ्यांची कुजबूज ऐकत. द्राक्षबागेत फवारणी चाललेली आणि वर ही मंडळी विश्वाला कान लावून. पोरं विचारायची, "सर, तारं काय म्हनत्यात?" मी म्हणायचो, "उजळणी म्हणतात, पण आपल्यासारखीच चुकतात." मनात मात्र म्हणायचो, यातली एक तबकडी चार दिवस तळेघरच्या धारेकडं वळवून बघायला हवी.

यंदा श्रावणात फोन आला. "सर, अश्विनी बोलतेय. सतरा नंबर."

ती आता त्याच शाळेत शिक्षिका आहे. शेख सर कधीच निवृत्त झाले, जुन्नरात माझ्या दोन गल्ल्या पलीकडं राहतात आणि अजून खोटं बोलत नाहीत. ठकूबाई अजून खाचरात उतरते. पण तिचा आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच. आता ती गुरांना टाळी वाजवून बोलावते.

"शनिवारी तयारीचा तास मीच घेते," अश्विनी म्हणाली. "पोरांना घेऊन धारेवर जाते. एकदा येऊन बघा."

गेलो. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन. अठ्ठावीस पोरं, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, एका लांब दोरीला गाठी मारलेल्या आणि एकेका गाठीवर एकेक पोर. आम्ही दोघं मागून चालत होतो. तो खडक दिसला, आणि मला राहवलं नाही.

"अश्विनी, एक सांगायचं राहिलंय. तो हाक्या मी रचला होता. तू प्रश्न विचारलास, आणि मी तिथल्या तिथं..."

"माहीतंय सर."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुम्ही फळ्याकडं बघून उत्तर दिलंत."

"मग त्या दिवशी आईला ओ का नाही दिलीस?"

ती चालता चालता थांबली. कपाळाला तीच जुनी आठी.

"तो रचलेला आहे हे मला माहीत होतं, सर. त्याला माहीत नव्हतं."

पुढं काही बोलणार तेवढ्यात भीमाशंकरच्या बाजूनं धुकं आलं. पहिल्यांदा दोरीचं पुढचं टोक गेलं, मग एकेक पोर पुसत पुसत ते आमच्यापर्यंत पोचलं. अश्विनीनं आवाज चढवला नाही. "शिरगणती," एवढंच म्हणाली.

"एक." "दोन." "तीन." धुक्यातून बारके आवाज येत गेले. "सव्वीस." "सत्तावीस." "अठ्ठावीस."

मग सगळे गप्प. ती पुढं काही सांगेना.

"आता काय?" मी हळूच विचारलं.

"आता ऐकायचं. दहा श्वास. दर शनिवारी ऐकतो आम्ही."

"कशासाठी?"

"जास्तीचा आकडा आला तर कुणी पळायचं नाही. दोरी धरून जागच्या जागी बसायचं आणि परत एकपासून मोजायचं."

"पोरांना भीती घालतेस?"

"भीती तुम्ही घालायचात, सर. मी फक्त काय करायचं ते सांगते."

मी श्वास मोजायला लागलो. एक, दोन, तीन. खरं सांगतो, माझ्या जिभेवर 'एकोणतीस' येऊन बसला होता. जन्माची खोड. असली संधी मी एरवी सोडली नसती. पण मी तो गिळला, दात घट्ट मिटून घेतले. चार, पाच, सहा.

सातव्या श्वासाला कड्याच्या बाजूनं आवाज आला. माझाच. आत्ताचा नव्हे, तेव्हाचा, खडूच्या धुळीनं जरा बसलेला. अवघड आकडा एकदाचा पाठ झाला की ढ पोरगं जसं जपून आणि खुशीत म्हणतं, तसा.

"एकोणतीस."

अठ्ठावीस पोरं एका दमात खाली बसली. एकही पळालं नाही, एकही रडलं नाही. दोरी ताणली गेली आणि स्थिर झाली. अश्विनी माझ्या शेजारी खाली बसली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "परत एकपासून."

मग मीही बसलो, आणि दोरीचं टोक धरलं.